टायगर रणगाड्याचा गिअरबॉक्स: बसवला पुढे, पण काढायचा कुठून?

रणगाड्यांचे गेम खेळणाऱ्या कुणालाही 'टायगर' हे नाव नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा हा जड रणगाडा. ८८ मिमीची तोफ, समोर १०० मिमी जाड पोलाद, आणि वजन जवळपास ५७ टन. गेममध्ये त्याची हेल्थ संपली की तो पेटतो आणि विषय संपतो. खऱ्या युद्धात मात्र टायगर अनेकदा न पेटताच उभा राहायचा. कारण असायचं गिअरबॉक्स, इंजिन किंवा चाकांकडे शक्ती नेणारा एखादा भाग. आणि गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर आधी तोफेसकट साधारण ११ टनांचा टरेट उचलून बाजूला ठेवावा लागायचा.

हे वाचलं की पहिला प्रश्न पडतो, की इतक्या हुशार इंजिनिअर लोकांनी असं का केलं? मी स्वतः मेकॅनिकल शिकलो आणि आता पोटासाठी कोड लिहितो. कॉलेजमध्ये मशीन ड्रॉइंगच्या तोंडी परीक्षेला आमचे सर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: "बसवलंस छान, आता काढून दाखव." तेव्हा राग यायचा. टायगरचं आतलं चित्र पाहिलं तेव्हा तो प्रश्न कळला.

या लेखात बघू, की टायगरचा गिअरबॉक्स कुठे होता, तो तिथेच का ठेवला, तो कसा चालायचा, बाहेर कसा काढायचे आणि त्याची किंमत कुणी मोजली. हा लेख 'टायगर १' बद्दल आहे. नंतरचा 'टायगर २' वेगळा, त्याचा उल्लेख पुढे येईल.

थोडक्यात ओळख

- बनवणारी कंपनी: हेन्शेल, कासेल शहर, जर्मनी
- मुख्य डिझायनर: एर्विन आडर्स
- उत्पादन: ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४, साधारण १,३५० गाड्या
- माणसं: ५ (कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा, ड्रायव्हर, रेडिओ ऑपरेटर)
- इंजिन: मायबाख कंपनीचं १२ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पहिल्या २५० गाड्यांत २१ लीटरचं एचएल २१०, नंतर २३ लीटरचं ७०० अश्वशक्तीचं एचएल २३०
- गिअरबॉक्स: मायबाख ओल्व्हार, ८ पुढचे आणि ४ मागचे गिअर
- स्टिअरिंग युनिट: हेन्शेल एल ६०० सी

५७ टन म्हणजे किती? आपली छोटी हॅचबॅक कार साधारण ९०० किलोची धरली, तर अशा साठहून जास्त कार एकावर एक रचाव्या लागतील. एवढं वजन चिखलातून ओढायचं काम ज्या पेटीतून व्हायचं, ती पेटी म्हणजे हा गिअरबॉक्स.

इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे

टायगरचं धड तीन खोल्यांच्या घरासारखं समजा. सगळ्यात मागच्या खोलीत इंजिन, रेडिएटर, पंखे आणि पेट्रोलच्या टाक्या. मधल्या खोलीवर टरेट. पुढच्या खोलीत डावीकडे ड्रायव्हर, उजवीकडे रेडिओ ऑपरेटर आणि दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स.

म्हणजे दोघांच्या मध्ये एक लांबलचक लोखंडी पेटी आडवी पडलेली. तिच्यावरच्या मांडणीवर रेडिओ संच, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला मीटरचं पॅनल. गिअरबॉक्सच्याही पुढे, अगदी नाकात, धडाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूकडे पसरलेलं स्टिअरिंग युनिट. गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग युनिट एकमेकांना जोडलेले असायचे. वरून बघितलं तर इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार: गिअरबॉक्स म्हणजे टीचा दांडा आणि स्टिअरिंग युनिट म्हणजे वरची आडवी रेघ.

इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे, मग शक्ती मधून न्यायची कशी? त्यासाठी टरेटच्या खालच्या फळीखालून एक लांब शाफ्ट जायचा. शक्तीचा पूर्ण प्रवास असा:

१. मागच्या इंजिनातून शक्ती शाफ्टमध्ये.
२. शाफ्ट टरेटच्या खालून पुढे. वाटेत याच शाफ्टवरून थोडी शक्ती टरेट फिरवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेला.
३. पुढे गिअरबॉक्समध्ये. इथे वेग आणि जोर यांची अदलाबदल.
४. तिथून स्टिअरिंग युनिटमध्ये. इथे शक्ती डाव्या आणि उजव्या बाजूत वाटली जाते.
५. दोन्ही टोकांना फायनल ड्राइव्ह. इथे वेग अजून कमी, जोर अजून जास्त.
६. शेवटी दातेरी चाक. तेच ट्रॅक, म्हणजे तो लोखंडी पट्टा, ओढतं.

यातल्या दुसऱ्या टप्प्याकडे नीट बघा. हायड्रॉलिक यंत्रणेने टरेट फिरवायचा असेल तर इंजिन चालू पाहिजे, आणि टरेट किती जोरात फिरेल हेही इंजिनाच्या वेगावर अवलंबून. इंजिन बंद असेल तर हाताने चाक फिरवत बसायचं.

मुळात गिअरबॉक्स पुढे का ठेवला?

ही एकट्या टायगरची कल्पना नव्हती. १९३० च्या दशकातल्या छोट्या पँझर १ पासून बहुतेक जर्मन रणगाड्यांत दातेरी चाक पुढेच होतं. त्यामागे पटण्यासारखी कारणं होती.

पहिलं, ड्रायव्हर पुढे बसतो. गिअरबॉक्स त्याच्या शेजारी असला की लीव्हरपासून गिअरपर्यंतची जोडणी छोटी राहते. गिअरबॉक्स मागे असेल तर पुऱ्या गाडीतून लांब दांड्या न्याव्या लागतात.

दुसरं, वजनाचा तोल. मागे इंजिन, मध्ये टरेट, पुढे गिअरबॉक्स. वजन तिन्ही ठिकाणी वाटलं जातं.

तिसरं, चिखल. ट्रॅक मागून वर येतो, वरच्या बाजूने पुढे जातो आणि मग पुढच्या दातेरी चाकात शिरतो. या लांब प्रवासात बराच चिखल झडून पडतो.

चौथं, टायगरच्या मागच्या खोलीत जागाच नव्हती. मध्ये इंजिन, दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि पंखे, शिवाय पाचशे लीटरहून जास्त पेट्रोलच्या टाक्या. तिथे अजून एक मोठी पेटी घालायची तर गाडी लांब करावी लागली असती, आणि लांबी वाढली की पोलाद वाढतं, पोलाद वाढलं की वजन वाढतं.

तोटेही होतेच. मधून शाफ्ट जातो म्हणून टरेटची फळी वर उचलावी लागते आणि त्यामुळे गाडीची उंची वाढते. गिअरबॉक्सची गरमी, आवाज आणि तेलाचा वास पुढच्या दोघांच्या कानाशी-नाकाशी. पण मुख्य तोटा दुरुस्तीच्या वेळी दिसायचा.

ओल्व्हार: काळाच्या पुढचा गिअरबॉक्स

इथे एक गैरसमज काढून टाकू. गिअरबॉक्स वाईट होता म्हणून टायगर बंद पडायचा, इतकं सोपं ते नाही. चालवायला हा गिअरबॉक्स त्या काळात फार पुढचा होता.

त्या वेळच्या कित्येक रणगाड्यांत गिअर बदलणं म्हणजे कसरत होती. क्लच दाबा, जड लीव्हर जोर लावून ओढा, वेळ चुकली की दात खरडल्याचा आवाज. टायगरमध्ये ड्रायव्हर छोटा लीव्हर हव्या त्या आकड्यावर न्यायचा, आणि बाकीचं काम तेलाचा दाब करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर अर्धा ऑटोमॅटिक. कोणता गिअर हवा हे माणूस ठरवणार, दात जुळवायचं काम यंत्र करणार.

एकूण ८ पुढचे गिअर. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण वेगाला गाडी ताशी साधारण ३ किमी, म्हणजे आपल्या चालण्याहून हळू. आठव्यात ताशी साधारण ४५ किमी. नोव्हेंबर १९४३ पासून इंजिन टिकावं म्हणून त्याचा वेग मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरून २,५०० वर आणला, त्यामुळे कमाल वेग ३८ किमीच्या आसपास आला.

याची दुसरी बाजूही आहे. तेलाचे मार्ग, झडपा, पिस्टन, क्लचच्या तबकड्या, आठ गिअरचे दात, सगळं एकाच पेटीत. जितके भाग जास्त, तितक्या बिघडण्याच्या जागा जास्त. आणि अशी पेटी रणांगणावर उघडून दुरुस्त करत बसणं अवघड, अख्खी बदलणं बरं. इथेच 'काढायचा कुठून' हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

स्टिअरिंग: ५७ टन आणि चक्क गोल चाक

बऱ्याच जुन्या रणगाड्यांत वळायचं म्हणजे दोन लीव्हर. डावा ओढला की डावा ट्रॅक थांबतो आणि गाडी डावीकडे वळते. सोपं आहे, पण ब्रेकमध्ये शक्ती वाया जाते आणि ब्रेक तापतात.

टायगरला कारसारखं गोल स्टिअरिंग होतं. एल ६०० सी युनिट आतल्या ट्रॅकचा वेग कमी करायचं आणि बाहेरच्या ट्रॅकचा वाढवायचं, त्यामुळे शक्ती ब्रेकमध्ये जळून जात नसे. प्रत्येक गिअरमध्ये वळणाचे दोन प्रकार, एक मोठं वळण आणि एक घट्ट. म्हणजे आठ गिअरमध्ये सोळा वळणं. सगळ्यात घट्ट वळणाची त्रिज्या साधारण साडेतीन मीटर, सगळ्यात मोठ्याची १६५ मीटर. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक ट्रॅक पुढे आणि दुसरा मागे असं जागच्या जागीही वळता यायचं. हे सगळं बिघडलंच तर दोन लीव्हरही होतेच.

ब्रिटनमध्ये याच जातीची मेरिट-ब्राऊन नावाची यंत्रणा होती. ती आधी चर्चिल आणि नंतर सेंच्युरियन रणगाड्यात वापरली गेली. सेंच्युरियन भारतीय सैन्यातही होता आणि १९६५ च्या युद्धात लढला. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात तो बघायला मिळतो. तिथे टायगर नाही, पण सेंच्युरियनचं दातेरी चाक मागे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याचा गिअरबॉक्सही मागेच आहे.

'बसवणं' म्हणजे फक्त बोल्ट आवळणं नाही

आता मुख्य मुद्दा. एखादा जड भाग यंत्रात बसवताना इंजिनिअरला चार गोष्टींचा विचार करावा लागतो.

*वजन पेलणं.* पेटी जड आहे आणि ती स्थिर जमिनीवर नाही. गाडी खड्ड्यात आदळली की पेटीचं वजन काही क्षण कित्येक पट भासतं. बोल्ट आणि आधार तेवढं सहन करणारे हवेत.

*पीळ अडवणं.* हातात ड्रिल मशीन धरून भिंतीला भोक पाडताना बिट अडकलं, तर मशीनच हातात उलटं फिरायला बघतं. गिअरबॉक्सचंही तसंच. इंजिनाचा जोर सुमारे १,८५० न्यूटन-मीटर. लहान कारच्या इंजिनाचा हाच आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये हा जोर कित्येक पटीने वाढतो, आणि त्याची उलट प्रतिक्रिया पेटीच्या कवचावर येते. ती कवचातून आधाराकडे आणि आधारातून धडाकडे गेली पाहिजे.

*रेषेत राहणं.* मागचं इंजिन आणि पुढचा गिअरबॉक्स यांच्यात काही मीटरचं अंतर. धड कितीही जाड असलं तरी उंचसखल जमिनीवर थोडं वाकतं, पिळवटतं. म्हणून मधल्या शाफ्टला थोडा कोन सहन करणारे जॉइंट द्यावे लागतात. ट्रक किंवा जीपच्या खाली वाकून बघितलंत तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला तसलेच जॉइंट दिसतील.

*काढता येणं.* भाग कधीतरी झिजणार, तुटणार. तेव्हा तो कोणत्या वाटेने बाहेर येणार?

पहिल्या तीन परीक्षांत टायगरचे डिझायनर पास झाले. चौथीत अडकले.

बाहेर यायच्या वाटा बंद

गिअरबॉक्स बाहेर यायच्या सगळ्या वाटा एकेक करून तपासू.

समोरून? समोर १०० मिमी पोलाद, धडाला वेल्ड केलेलं. बंद.

बाजूने? बाजूचं पोलादही वेल्ड केलेलं, बाहेर फायनल ड्राइव्ह, चाकं आणि ट्रॅक. बंद.

खालून? टायगरच्या तळात स्प्रिंगचं काम करणारे टॉर्शन बार आडवे टाकलेले, प्रत्येक बाजूच्या आठ आर्मसाठी आठ, म्हणजे एकूण सोळा. शिवाय ५७ टनांची गाडी उचलून खाली शिरणार कोण? बंद.

थेट वरून? ड्रायव्हर आणि रेडिओ ऑपरेटरच्या डोक्यावरचं छत पक्कं. त्यात दोन गोल झाकणं, माणूस जाईल एवढीच. बंद.

उरलं एकच मोठं भोक: ज्यावर टरेट बसतो ते. साधारण १.८ मीटर रुंद. पण त्यावर टरेट बसलेला. म्हणून क्रम साधारण असा व्हायचा:

१. मोठी क्रेन उभी करायची. सैन्याकडे सुटे भाग जोडून उभी करता येणारी, चार पायांच्या मांडवासारखी १६ टनी क्रेन होती.
२. टरेट सोडवायचा, तोफेसकट उचलायचा आणि बाजूला टेकवायचा.
३. आत उतरून रेडिओ, त्याची मांडणी आणि वाटेत येणारं बाकी सामान काढायचं.
४. मागून येणारा शाफ्ट, तेलाच्या नळ्या, लीव्हरच्या जोडण्या आणि दोन्ही फायनल ड्राइव्हकडे जाणारे जोड सोडवायचे.
५. तो टी आकाराचा जड ठोकळा मागे सरकवत टरेटच्या भोकाखाली आणायचा आणि वर खेचायचा.
६. नवीन किंवा दुरुस्त केलेला ठोकळा बसवताना हेच सगळं उलट्या क्रमाने.

गंमत म्हणजे इंजिन काढायला हा त्रास नव्हता. मागच्या छताचं मोठं झाकण उघडलं की इंजिन सरळ वर. म्हणजे काढायची सोय करायला हवी हे त्याच डिझायनर लोकांना कळत होतं. इंजिनाला वाट ठेवली, गिअरबॉक्सला राहिली नाही.

तुमच्या हातातल्या फोनचंही थोडं असंच आहे. पूर्वी मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता यायची. आता बऱ्याच फोनमध्ये काच गरम करून सोडवावी लागते, मग चिकटवलेली बॅटरी. बॅटरी तीच आहे, तिच्यापर्यंतची वाट बदलली.

मैदानावर याचा अर्थ काय?

२९ ऑगस्ट १९४२ रोजी लेनिनग्राडजवळच्या म्गा स्टेशनवर पहिले चार टायगर रेल्वेतून उतरले. पुरेशी चाचणी न होताच गाड्या आघाडीवर आल्या होत्या. सुरुवातीच्या हालचालींतच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बिघाडांनी गाड्या थांबू लागल्या.

थांबलेला टायगर ओढून नेणंही सोपं नव्हतं. १८ टनी 'फामो' ही जर्मन सैन्याची सगळ्यात मोठी ओढगाडी होती. एका टायगरला अशा साधारण तीन लागायच्या. दुसऱ्या टायगरने ओढायला मनाई होती, कारण ओढणाऱ्याचाच गिअरबॉक्स आणि इंजिन जायचं. तरी अडचणीत लोक ओढायचेच.

टायगरच्या एका पूर्ण बटालियनमध्ये कागदावर ४५ गाड्या असायच्या आणि सोबत स्वतःची वर्कशॉप कंपनी. पण क्रेन उभी करून टरेट उतरवायचा तर शांत जागा हवी, वेळ हवा. सैन्य पुढे सरकत असेल तर हे जमून जायचं. १९४३ च्या उन्हाळ्यानंतर जर्मन सैन्य पूर्वेकडे मागे हटायला लागलं, आणि तिथे चित्र बदललं. आज बिघडलेली गाडी दोन दिवसांनी शत्रूच्या हद्दीत असणार. मग काय करायचं? बरेच टायगर त्यांच्याच माणसांनी स्फोटकं लावून उडवून दिले. कुठे पेट्रोल संपलं, कुठे चिखलात रुतला, कुठे गिअरबॉक्स गेला.

सैन्यालाही हे कळत होतं. १९४३ मध्ये टायगरच्या माणसांसाठी 'टायगरफीबेल' नावाची पुस्तिका काढली. सरकारी मॅन्युअल असूनही त्यात व्यंगचित्रं आणि यमकं होती, म्हणजे विशीतली पोरं ती खरंच वाचतील. नेमबाजीइतकंच गाडी जपून चालवण्यावर आणि नियमित देखभालीवर त्यात लक्ष दिलं होतं. वाट अवघड असेल तर भाग कमी वेळा काढावा लागेल असं वागा, हाच एक उपाय हातात होता.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला?

*शर्मन (अमेरिका).* मांडणी टायगरसारखीच: इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, मधून शाफ्ट. फरक एवढाच, की शर्मनच्या नाकाचं खालचं ओतीव पोलाद बोल्टने बसवलेलं होतं. बोल्ट काढले की नाक आणि त्यामागची यंत्रणा पुढच्या बाजूने बाहेर ओढता यायची. टरेटला हात लावायची गरज नाही. म्हणजे 'गिअरबॉक्स पुढे ठेवला हीच चूक' असं म्हणता येत नाही. खरी अडचण बाहेर यायच्या वाटेची होती.

*पँथर (जर्मनी).* पुढच्या दोघांच्या डोक्यावरचं छत काढता येईल असं केलं. टरेट न उतरवता गिअरबॉक्स वर घेता यायचा. पण पँथरचे फायनल ड्राइव्ह कमकुवत होते. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने पँथर वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात फायनल ड्राइव्ह साधारण १५० किमी टिकतो असं लिहिलंय. नुसती वाट चांगली असून भागत नाही, भागही टिकायला हवा.

*टायगर २ (जर्मनी).* त्याच ओल्व्हार गिअरबॉक्सची सुधारलेली आवृत्ती. पण इथे पुढच्या छताचा भाग बोल्टने बसवला. म्हणजे टायगर १ चा धडा हेन्शेलने घेतला होता.

*टी-३४ (सोव्हिएत संघ).* इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे. मधला शाफ्ट नाही, त्यामुळे गाडी बुटकी. सुरुवातीचा चार गिअरचा गिअरबॉक्स चालवायला फार जड होता, पण तो एका बाजूला राहिला, माणसांच्या मध्ये आला नाही.

*पोर्शेचा टायगर.* टायगरसाठी हेन्शेलशी स्पर्धा करणाऱ्या फर्डिनांड पोर्शे यांनी यांत्रिक गिअरबॉक्सच काढून टाकला. दोन पेट्रोल इंजिनं जनरेटर फिरवणार, ती वीज मोटरला, आणि मोटर मागचं दातेरी चाक फिरवणार. आपल्या रेल्वेची डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं याच तत्त्वावर चालतात. पण इंजिनं तापायची, तांबं भरपूर लागायचं आणि जर्मनीत तांब्याची टंचाई होती. निवड हेन्शेलची झाली. पोर्शेच्या साधारण ९० गाड्यांचे सांगाडे नंतर 'फर्डिनांड' या टरेट नसलेल्या रणगाडाभेदी गाडीसाठी वापरले.

आजचे रणगाडे: एक दोर, एक उचल

आज हा प्रश्न 'पॉवरपॅक'ने सोडवला आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग यांचा एकच ठोकळा करून तो मागच्या खोलीत ठेवायचा. वर झाकण, झटपट सुटणारे जोड. क्रेनने ठोकळा वर घ्यायचा, दुसरा आत सोडायचा. १९७९ पासून सेवेत असलेल्या जर्मनीच्या लेपर्ड २ मध्ये सरावलेली टीम हे काम अर्ध्या तासाच्या आसपास करते. बिघडलेला ठोकळा मग मागे वर्कशॉपमध्ये सावकाश दुरुस्त होतो.

आपल्या अर्जुन रणगाड्यातही जर्मन एमटीयू कंपनीचं इंजिन आणि रेंक कंपनीचा गिअरबॉक्स मागच्या बाजूला आहे. आणि ही एमटीयू म्हणजे कोण? फ्रीडरिक्सहाफेनच्या ज्या मायबाख कारखान्याने टायगरचं इंजिन आणि गिअरबॉक्स डिझाइन केला, त्याचीच पुढची पिढी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टायगरचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता का?*
पूर्ण नाही. गिअर ड्रायव्हर निवडायचा, बदलायचं काम तेलाचा दाब करायचा.

*मग टायगर वाईट रणगाडा होता का?*
तोफ आणि चिलखत १९४२-४३ मध्ये फार ताकदवान होतं. पण रणगाडा एकटा लढत नाही. त्याच्यामागे क्रेन, ओढगाड्या, सुटे भाग आणि वेळ लागतो. टायगरला हे सगळं जास्त लागायचं, आणि जर्मनीकडे ते कमी होत गेलं.

*टायगर आज कुठे बघायला मिळतो?*
इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये 'टायगर १३१' आहे. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी तो पकडला. तो आजही चालवून दाखवतात. २०१४ च्या 'फ्युरी' सिनेमात दिसतो तो हाच.

*मग आपण टायगरचं कौतुक करायचं की नाही?*
यंत्र समजून घेणं वेगळं आणि ज्यांनी ते वापरलं त्यांचं कौतुक वेगळं. हा रणगाडा नाझी जर्मनीने लादलेल्या युद्धासाठी बनला आणि हेन्शेलच्या कारखान्यांत बळजबरीने आणलेले मजूर राबत होते. हे विसरून त्याचा अभ्यास होऊ शकत नाही.

शेवटी

टायगरच्या गिअरबॉक्सची गोष्ट दुरुस्तीची गोष्ट आहे. कागदावर आठ गिअर, सोळा वळणं, सातशे अश्वशक्ती. पण नेमका तो भाग बदलायची वाट ११ टनांच्या झाकणाखाली. हेन्शेलने स्वतः पुढच्याच रणगाड्यात छताला बोल्ट लावले, यावरून चूक कुठे होती ते कळतं.

तुम्ही इंजिनिअरिंगला असाल, एखादा प्रोजेक्ट करत असाल, किंवा नवी बाइक किंवा फोन घेताना स्पेसिफिकेशन बघत असाल, तर यादीत एक ओळ वाढवा: बिघडलं तर उघडणार कुठून? आमच्या सरांचा प्रश्नही तोच होता.